अनुदान संपले म्हणून अभ्यासवर्ग का संपावा?

मार्चअखेर जवळ आली की सरकारी कचेऱ्यांत बिले काढण्याची धावपळ सुरू होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण याच मार्चअखेरीला आपल्या वस्त्यांतील समाजमंदिरांत आणि बुद्धविहारांत आणखी एक गोष्ट घडत असते. तिची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येत नाही. शाळा सुटल्यानंतर संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत भरणारा मुलांचा अभ्यासवर्ग बंद पडतो. फळा भिंतीवर तसाच राहतो, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात पडतात आणि वर्ग चालवणारी ताई दुसरीकडे काम शोधायला लागते. मुले चार दिवस कुलपाकडे बघून परत जातात, पाचव्या दिवशी येत नाहीत. चौकशी केली की एकच उत्तर मिळते, 'प्रोजेक्ट संपला.'

प्रोजेक्ट संपला म्हणजे नेमके काय संपले? मुलाची सहावी संपली नाही, त्याचे अपूर्णांक कच्चे होते ते पक्के झाले नाहीत, नववीतल्या मुलीची दहावी अजून पुढेच आहे. संपला तो कुणीतरी कुठल्यातरी कार्यालयात बसून मंजूर केलेला निधी. आमच्या मुलांच्या शिक्षणाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, निधीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. या दोन वर्षांचा मेळ बसत नाही आणि त्याची किंमत मूल मोजते. या विषयावर चळवळीत फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. संध्याकाळचा अभ्यासवर्ग ही चैन नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथेच स्वयंपाक होतो, तिथेच टीव्ही चालतो, तिथेच दिवसभर बिगारी काम करून आलेला बाप आडवा होतो. त्या खोलीत मुलाने अभ्यास कुठे करावा? आईवडील शिकलेले असतील तर गृहपाठ घरी होतो. नसतील तर गृहपाठ म्हणजे शिक्षा होते. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते शिकवणी लावतात. 'असर'च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे भरून शिकवणीला जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २६.४ टक्के होते, ते २०२२ साली ३०.५ टक्के झाले. म्हणजे शाळा फुकट आणि शिक्षण विकत, अशी अवस्था आली आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण तो सहा ते चौदा वयापुरता. शाळेच्या घंटेनंतर मूल कुठे जाते आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याचे काय होते, याची जबाबदारी त्या कायद्याने कुणावर टाकलेली नाही. नेमक्या याच दोन ठिकाणी आपली मुले गळतात. संध्याकाळचा वर्ग ही गळती थांबवण्याची जागा आहे.

मग हा वर्ग कोण चालवतो? पूर्वी वस्तीतली तरुण मंडळी चालवत. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा, बँकेत लागलेला एखादा कार्यकर्ता संध्याकाळी दोन तास द्यायचा. आज बहुतेक ठिकाणी तो अनुदानावर चालतो आणि हे अनुदान दोन वाटांनी येते.

पैशाच्या दोन वाटा

पहिली वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची, म्हणजे सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च केली पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून हे सुरू झाले. शिक्षण हा त्यातला सर्वांना आवडणारा विषय. पण 'चालू प्रकल्प' म्हणून कंपनीला फार तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे मिळतात. पहिलीत आलेले मूल चौथीत जाईपर्यंत प्रकल्प गुंडाळलेला असतो.

दुसरी वाट परदेशी देणग्यांची. २०२० साली परकीय योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर संपूर्ण बंदी आली. दिल्लीतल्या मोठ्या संस्थेकडून लहान गावातल्या लहान संस्थेला थोडीफार मदत पोचत होती, तो पाट तिथेच आटला.

या दोन्ही वाटांचा परिणाम एकच. पैसा मोठ्या, कागदपत्रांनी भक्कम, इंग्रजीत अहवाल लिहिणाऱ्या संस्थांकडे जातो. २०२१ पासून सीएसआरचा निधी राबवायचा तर संस्थेला वेगळी नोंदणी लागते, आयकराची प्रमाणपत्रे लागतात, लेखापरीक्षण लागते. वस्तीतल्या पंचशील मित्रमंडळाकडे किंवा महिला मंडळाकडे हे कुठून येणार? मग ठरते असे की जागा मंडळाची, मुले वस्तीची, ओळख आणि विश्वास कार्यकर्त्यांचा, आणि निधी, नाव व निर्णय बाहेरच्या संस्थेचे. आपल्याच समाजमंदिरात आपण यजमान न राहता पाहुणे होतो. हे एका दिवसात घडत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

ताईचे काम कोणत्या रकान्यात बसते?

अनुदानावरच्या वर्गाचा कणा म्हणजे समन्वयक. बहुतेक ठिकाणी ती वस्तीतलीच बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली मुलगी किंवा तरुण सून असते. मुले तिला ताई म्हणतात. कागदावर तिचे काम चार ओळींत लिहिलेले असते. उपस्थिती घेणे, साहित्य वाटणे, चाचण्या घेणे, अहवाल पाठवणे. प्रत्यक्षात ती काय करते ते आम्ही काही वर्षे जवळून पाहिले आहे.

दुपारी चारला ती समाजमंदिराची चावी मागायला जाते. आज तिथे कुणाची हळद आहे का, उद्या कुणाचा जलदानविधी आहे का, हे तिला आधी माहीत असावे लागते. हॉल अडला तर मुलांना कुठे बसवायचे, हे तिने ठरवायचे. झाडलोट तिनेच करायची. तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जायचे. तो भंगाराच्या दुकानात बसायला लागला असेल तर बापाशी बोलायचे, भांडायचे नाही, कारण भांडली तर धाकटी बहीणही येणार नाही. आठ वाजता नाल्यापलीकडे राहणाऱ्या मुलींना दिवे असलेल्या रस्त्यापर्यंत सोडायचे. एखादी आठवीतली मुलगी गप्प गप्प असेल तर तिच्या घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत का, याचा अंदाज घ्यायचा. आणि घरी गेल्यावर रात्री मोबाइलवर फोटो पाठवायचे, तारीख, वेळ आणि ठिकाण दिसणारे.

यातले कुठले काम अहवालात येते? फक्त शेवटचे.

आम्ही पाहिलेल्या एका वर्गाची गोष्ट सांगतो. मुले शाळेतून थेट येत, उपाशी असत. वस्तीतल्याच एक मावशी त्यांच्यासाठी पोहे करून आणत. कधी उप्पीट, कधी नुसती शेंगदाणे-गुळाची वाटी. मावशींना चार पैसे मिळत, मुलांना गरम खायला मिळे आणि मावशींचे लक्ष असल्यामुळे दाराशी टवाळकी करणारी पोरे तिथे फिरकत नसत. वर्षभराने हिशेब तपासणीत आक्षेप निघाला. मावशींच्या पोह्यांना जीएसटीचे बिल नाही. मावशी बंद झाल्या, बिस्किटांचे पुडे सुरू झाले. बिल व्यवस्थित लागले. पण संध्याकाळी आईसारखे लक्ष ठेवणारे एक माणूस वर्गातून कमी झाले आणि पुढच्या दोन महिन्यांत मुलींची संख्या घटली. का घटली, याचे कारण लिहायला अहवालात रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट उपस्थितीची. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्या मुलाचे नाव यादीतून काढा, अशी सूचना वरून येते. कारण चाचणीचा निकाल चांगला दिसायला हवा. पण पंचाहत्तर टक्के हजेरी कुणाची नसते? ज्याची आई आजारी आहे त्याची. ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून जो चार महिने मामाकडे जातो त्याची. जो सकाळी पेपर टाकतो आणि संध्याकाळी गाड्या धुतो त्याची. ज्या मुलांसाठी वर्ग काढला तीच मुले नियमाने बाहेर जातात आणि जी तशीही शिकली असती ती यादीत राहतात. निकाल शंभर टक्के लागतो. अहवालाच्या मुखपृष्ठावर हसऱ्या मुलांचा फोटो येतो.

आणि ताईचे मानधन? निधी हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. प्रमाणपत्राला सनदी लेखापालाची सही लागते. तो वेळ देईपर्यंत महिना जातो. तिकडे अधिकारी बदलतो, आणखी महिना जातो. फळा, खुर्च्या, पेट्यांचे पैसे आधीच दिलेले असतात, कारण त्यांवर देणगीदाराचे नाव रंगवायचे असते. थकते ते माणसाचे मानधन. सीएसआरच्या नियमात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चासाठी आहे, वस्तीत शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी नाही. तरीही ती मर्यादा दाखवून 'मनुष्यबळावर जास्त खर्च नको' असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, अभ्यासवर्गात मनुष्यबळ सोडून दुसरे असते काय? खुर्ची मुलाला गणित शिकवते काय?

भिंतीवरचा फोटो

तिसरी गोष्ट सांगताना हात जड होतो. एका ठिकाणी निधी देणाऱ्यांचे पथक पाहणीला येणार होते. आदल्या दिवशी मधल्या संस्थेचा माणूस आला आणि म्हणाला, भिंतीवर बाबासाहेबांचा, सावित्रीमाईंचा फोटो आहे तो दोन तास बाजूला ठेवता येईल का? साहेब लोकांना वर्ग 'सर्वांसाठी' वाटला पाहिजे. ताईने आमच्याकडे पाहिले. नळाला पाणी येण्याची वेळ होती तरी दोन-तीन आया तिथे उभ्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने सरळ सांगितले, 'दादा, तुमचे पैसे यायच्या आधी हा फोटो इथे होता. तुम्ही गेल्यावरही राहील. तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही बाजूला व्हा.' फोटो जागेवर राहिला. पथक आले, गेले, कुणी काही बोलले नाही. पण पुढच्या वर्षी तो वर्ग यादीत नव्हता. कारण विचारले तेव्हा 'भौगोलिक प्राधान्य बदलले' असे उत्तर मिळाले.

त्या बाईचे चुकले असे म्हणणारा एकही माणूस वस्तीत निघाला नाही. तिचे चुकलेच नव्हते. चुकले होते ते आमचे, कार्यकर्त्यांचे. 'तुम्ही बाजूला व्हा' असे म्हणण्याची हिंमत तिच्यात होती, पण ते बाजूला झाल्यावर वर्ग चालवण्याची तयारी आम्ही केली नव्हती. तीन वर्षे पैसा येत होता तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. स्वाभिमान तिने राखला, किंमत मात्र चाळीसेक मुलांनी मोजली. हा हिशेब आमच्या नावावर आहे आणि तो आम्ही मान्य केला पाहिजे.

बाबासाहेबांनी अनुदान नाकारले नव्हते

इथे काही मित्र म्हणतील, म्हणूनच आम्ही सांगत होतो, एनजीओचा पैसाच नको. भांडवलदारांचा पैसा आला की चळवळ संपते. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण इतिहास काय सांगतो?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगाची नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली, कारण शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले असे होत नाही, शाळेबाहेरच्या तासांची सोय करावी लागते, हे त्यांना माहीत होते. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत जानेवारी १९२५ मधले सोलापूरचे वसतिगृह होते. त्या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेचे दरमहा ४० रुपयांचे अनुदान होते. म्हणजे बाबासाहेबांनी सार्वजनिक पैसा घेतला, हक्काने घेतला. पण वसतिगृह कोणाचे होते? सभेचे. नियम कोणाचे होते? सभेचे. ४० रुपये देणाऱ्याने सभेचे ध्येय ठरवले नाही. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, तेही नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला सकाळच्या वेळी शिकता यावे हा विचार ठेवूनच. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या सोयीने ठरले.

तेव्हा प्रश्न अनुदान घ्यावे की नाही हा नाही. अनुदान कोणत्या नात्याने घ्यावे, हा आहे. हक्क म्हणून घेतले तर जाब विचारता येतो. दान म्हणून घेतले तर आभार मानावे लागतात.

अमेरिकेत काय घडले?

हक्क आणि दान यांतला फरक पाहायचा असेल तर २०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत काय झाले ते पाहावे. तिथे शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांसाठी केंद्र सरकारचा एक स्वतंत्र कार्यक्रम आहे. १९९४ साली तो कायद्यात आला. प्रामुख्याने गरीब वस्त्यांतील शाळांच्या सुमारे १४ लाख मुलांना त्याचा लाभ मिळतो आणि वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर त्यावर खर्च होतात. आईबाप कामावर असतात त्या वेळेत मुलांचा अभ्यास, खेळ आणि खाणे त्यातून होते. १ जुलै २०२५ रोजी राज्यांना मिळावयाचा हा निधी ट्रम्प सरकारने 'फेरतपासणी'च्या नावाखाली आदल्या दिवशी रोखून धरला. संस्था हवालदिल झाल्या, समन्वयकांना कामावरून कमी करण्याची वेळ आली. आपल्या मार्चअखेरसारखीच अवस्था.

पण पुढे काय झाले? वीसहून अधिक राज्ये न्यायालयात गेली. खुद्द ट्रम्प यांच्या पक्षाच्या दहा सिनेटरांनी पत्र लिहून निधी सोडण्याची मागणी केली. तीन आठवड्यांच्या आत या वर्गांचा निधी सोडण्याचा निर्णय सरकारला जाहीर करावा लागला. धोका कायमचा टळला असे नाही. पुढच्या अर्थसंकल्पात हा कार्यक्रम इतर योजनांत विलीन करून टाकण्याचा प्रस्ताव त्याच सरकारने मांडला होता. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे हा निधी संसदेने कायद्याने मंजूर केलेला होता, म्हणून तो रोखणे बेकायदा आहे असे म्हणता आले, कोर्टात उभे राहता आले. आपल्याकडे कंपनीने 'प्राधान्य बदलले' म्हटल्यावर आपण कोणत्या कोर्टात जाणार?

आपला पैसा कुठे आहे?

मग आपल्याकडे हक्काचा पैसा नाहीच का? आहे. तो अनुसूचित जाती उपयोजनेत आहे. १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना म्हणून हे तत्त्व देशात आले. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी अर्थसंकल्पात तरतूद करायची आणि ती त्यांच्याच विकासावर खर्च करायची. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. हा पैसा कुणाची मेहेरबानी नव्हे.

पण त्याचे होते काय? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्या बहिणींत आमच्याही बहिणी आहेत. पण बहिणीला द्यायचे म्हणून तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्यात हात घालायचा, हा कुठला न्याय? आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेचा निधी राखण्यासाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही चळवळीची मागणी जुनी आहे. तिच्यात आता संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे कलम घातले पाहिजे.

जागेचीही तीच कथा. वस्तीच्या पाच मिनिटांवर महापालिकेची शाळा असते. पक्की इमारत, बाके, दिवे, पंखे, स्वच्छतागृहे, सगळे काही. संध्याकाळी सहानंतर तिला कुलूप. आणि मुले समाजमंदिरात सतरंजीवर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या वेळेनंतर इमारती समाजासाठी खुल्या करून त्यांचा 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून उपयोग करावा असे लिहिले आहे. त्या धोरणाबद्दल आमचे अनेक आक्षेप आहेत. पण सरकारने स्वतः लिहिलेले वाक्य सरकारपुढे ठेवायला काय हरकत आहे? प्रत्येक प्रभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. या प्रभागात किती शाळा आहेत, संध्याकाळी किती खोल्या रिकाम्या असतात आणि त्या अभ्यासवर्गाला देण्याची पद्धत काय, हे विचारा. उत्तर लेखी येऊ द्या. मग पुढची लढाई त्या कागदावर होईल.

आपण काय करणार?

सरकारला जाब विचारताना स्वतःलाही विचारावा लागतो. १४ एप्रिलला अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुले मोठ्या निष्ठेने बसतात, त्याचे कौतुकच आहे. पण वर्षातून एकदा अठरा तास आणि उरलेले ३६४ दिवस वर्गाला कुलूप, हे बाबासाहेबांना आवडले असते काय? ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करायला एका रात्रीत जितकी वर्गणी जमते, तितक्यात एका ताईचे अनेक महिन्यांचे मानधन निघते. हे बोलले की काहींना राग येतो. जयंती धूमधडाक्यात व्हावी, ती आपल्या अस्तित्वाची खूण आहे. पण वर्गणीच्या पावतीपुस्तकात एक पान अभ्यासवर्गाचेही असू द्या. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आठवून नोकरदार बांधवांनी स्वतःच ठरवावे.

अनुभवातून काही गोष्टी आम्ही शिकलो, त्या इथे मांडतो.

पहिली. निधी घ्या, पण करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या. वर्गाचे नाव वस्ती ठरवील. भिंतीवर काय असावे ते वस्ती ठरवील. हजेरी कमी म्हणून कुठल्याही मुलाचे नाव काढले जाणार नाही. आणि ताईचे मानधन हप्त्याची वाट न पाहता दर महिन्याला निघेल. जो देणगीदार हे मान्य करणार नाही त्याला पहिल्याच दिवशी नमस्कार करावा. तीन वर्षांनी करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरी. आयांची समिती नेमा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्चाची वही त्यांच्यासमोर वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हिशेब कळतो. बाजारातली भाजी त्या रोज तोंडी हिशेबाने घेतात. ज्या वर्गाचा हिशेब वस्तीला माहीत असतो, तो वर्ग बंद पडताना वस्ती गप्प बसत नाही.

तिसरी. पहिल्या महिन्यापासून वस्तीचा वाटा ठेवा, दहा रुपये का असेना. ज्याला तेही जमत नाही त्याने महिन्यातून एकदा हॉल झाडावा. वर्ग आपला आहे ही भावना वर्गणीतून आणि श्रमातून येते, फलकावरच्या नावातून येत नाही.

चौथी. निधीचे शेवटचे वर्ष हे निरोपाचे वर्ष समजू नका, ते हस्तांतराचे वर्ष समजा. त्या वर्षात वर्गातून शिकून अकरावी-बारावीत गेलेली मुले धाकट्यांना शिकवायला तयार करा. आम्ही पाहिलेले जे वर्ग अनुदान संपल्यावरही टिकले, तिथे हेच झाले होते. पैसा कुठून तरी थोडा थोडा आला, पण शिकवणारे हात वर्गातच तयार झाले होते.

आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची. ताईला चळवळीची कार्यकर्ती माना. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या रांगेत तिला कधी खुर्ची मिळत नाही. मोर्च्यात आलेल्या गर्दीची बातमी होते, पण रोज संध्याकाळी तीस मुलांना घेऊन बसणारीची नोंद कुठेच नसते. सावित्रीमाईंचा वारसा भाषणात सांगितला जातो. तो चालवणारी मात्र थकलेल्या मानधनाची वाट पाहत दाराशी उभी असते.

ज्या वर्गाची गोष्ट वर सांगितली, तो आठ महिने बंद होता. मग त्याच आयांनी चावी मागितली. पोहे करणाऱ्या मावशी पुन्हा आल्या, आता बिल मागणारे कुणी नव्हते. शिकवायला आली ती पहिल्या वर्षीच्या तुकडीतली, आता बी.ए.ला असलेली मुलगी. आठवड्यातून पाच दिवस जमत नाही, तीन दिवस भरतो. मुले पूर्वीपेक्षा कमी आहेत. ताईचे मानधन जुळवताना दर महिन्याला ओढाताण होते आणि ही ओढाताण भाषणांनी संपणारी नाही. ती संपेल तेव्हा, जेव्हा महापालिकेची शाळा संध्याकाळी उघडेल आणि उपयोजनेतला आमचा पैसा आमच्या मुलांच्या वर्गावर खर्च होईल. तोवर वर्ग चालू ठेवणे आणि तो हक्क मागत राहणे, ही दोन्ही कामे आपल्यालाच करायची आहेत.

येत्या मार्चअखेरीला आपापल्या वस्तीतल्या समाजमंदिरात एकदा डोकावून पाहा. तिथे कुलूप दिसले तर चावी कोणाकडे आहे, हे विचारा.

जय भीम!